अवघड जागा आणि लाल स्टूल

कोळिकोड,
ओणम उलटल्यानंतरचा रविवार

प्रिय शीजा,

पिशवीतून पत्र निघालेलं बघून छातीत धस्स होऊ देऊ नकोस. अम्मा ठणठणीत आहे, कालच मत्तीच्या भावावरून मासळीवाल्याशी भांडली. तुझे भावजी, त्यांची रिक्षा आणि रिक्षाचा खोकला, तिघंही जिथल्या तिथं आहेत. बशीर उद्या तुमच्या शारजाला परत निघालाय. त्याच्याबरोबर केळ्याचे वेफर्स, हलवा आणि फणसाचे पापड पाठवतेय, आणि त्या पापडांच्या खाली हे पत्र. तू म्हणशील, रोज व्हिडिओ कॉल होतो, मग या थोरल्या बहिणीला, तुझ्या चेचीला, पत्राचं खूळ कुठून सुचलं? अगं, फोनवर तुझ्या खोलीतल्या पाचजणी कान देऊन असतात, आणि मला लिहायचंय ते अवघड जागेच्या दुखण्याबद्दल. म्हणीपुरती अवघड नाही, खरोखरची. पहिल्याच वाक्याला तू 'चेची, आवाज येत नाहीये' म्हणून फोन ठेवला असतास. कागदाचा आवाज बंद करता येत नाही. बशीरनं वाटेत फोडून वाचलं तर खुशाल वाचू दे. दिवसभर त्या कॅफेटेरियात उभ्यानं पोरोट्टे लाटतो आणि तेच खातो, त्याच्याही उपयोगी पडेल.

तुमच्या ओणमच्या पंगतीचा फोटो मिळाला. सगळ्याजणी केळीच्या पानांपुढं ओळीनं बसल्यात आणि तू काठाची साडी खोचून पायसमची बादली घेऊन वाढतेयस. अम्मानं तो फोटो आख्ख्या आळीला दाखवला. 'माझी शीजा परमुलखातसुद्धा आधी दुसऱ्यांना वाढते,' म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र फोटो मोठा करून करून बघत बसले. गाल बसलेत तुझे. सकाळचं खाणं सोडलंय म्हणत होतीस, वजन कमी करायला. असो.

आपला संप आठवतो का, असं मी तुला विचारणार नाही. तो तू विसरलीस तर मी तुझं नाव टाकेन. साड्यांच्या दुकानात सकाळपासून दिवेलागण होऊन जाईपर्यंत उभं राहायचं. भिंतीला जरा पाठ टेकली की ते कॅमेऱ्यात दिसायचं आणि पगारातून कापलं जायचं. बाथरूमला जायचं तर खाली काउंटरवर जाऊन मॅनेजर पीतांबरनकडून किल्ली मागायची, आणि गिऱ्हाइकांच्या देखत त्याचं 'परत? मघाशीच गेली होतीस ना?' ऐकून घ्यायचं. मग आपण काय शिकलो, तर पाणीच प्यायचं नाही. घरून निघताना अर्धा कप चहा आणि मग घरी पोचेपर्यंत नुसते ओठ ओले करायचे. तू म्हणायचीस, 'चेची, आपण दोघी उंटिणी.' आणि मग खरंच वाळवंटात गेलीस, चांडाळणी.

गल्लीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली बसलो होतो तेव्हा येणारे-जाणारे हसायचे. एवढ्यासाठी संप? खाली बसायला मिळावं म्हणून? त्या छत्रीवाल्या गृहस्थाला तू दिलेलं उत्तर अजून बायका सांगतात. 'काका, तुम्ही एक दिवस आमच्या जागी उभे राहून दाखवा, मी आठवडाभर तुमच्या घरी येऊन मासे साफ करते.' तुझा आवाज सगळ्यांत मोठा. मी पुढारी म्हणवली गेले खरी, पण घोषणा तुझ्या होत्या. पुढं कायदा झाला, स्टुलं आली, आणि ती यायच्या आधीच तू विमानात बसलीस. लाल प्लास्टिकची, पाठ नसलेली स्टुलं, दर काउंटरला एक. मी तुला फोटो पाठवला तेव्हा तू लिहिलं होतंस, 'माझ्या वतीनं पहिल्यांदा तूच बस.' मी बसले. काउंटरच्या वर माझ्या डोक्याचा नुसता शेंडा दिसत होता आणि गिऱ्हाईक म्हणालं, 'इथं कुणी आहे का?'

आता मुद्द्यावर येते. या वर्षी एप्रिलात, विशूच्या सणाच्या सुमाराला, एके सकाळी शौचाला गेले आणि काहीतरी टर्रकन फाटल्यासारखं वाटलं. माझं आयुष्य कापडात गेलंय, फाटणं मला कळतं. बघितलं तर रक्ताची रेघ, ताजी, लालभडक. मी घाबरले, पण खरं दुखणं बाहेर आल्यावर सुरू झालं. मिरच्या कुटलेला हात लागावा तशी आग, आणि आतून आवळून आल्यासारखी कळ. दुकान उघडून पहिल्या दोन-चार साड्या विकून होईपर्यंत ती हटली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मग भीती बसली. नकोच ते म्हणून दाबून धरायचं. दाबून धरलं की खडा होतो, खडा झाला की चीर पुन्हा उकलते, आणि पुन्हा भीती. मग मी शहाणीनं जेवणच कमी केलं. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येईल, असा माझा हिशेब. दुकानात सगळ्या म्हणायच्या, 'विलासिनीचेची, बारीक झालात, काय करता?' मी हसून सांगायची, रात्रीचा भात सोडलाय.

सांगायचं कुणाला? अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. मला जावई नाही, आहे तो रिक्षावाला नवरा, आणि त्याच्यापाशीही तोंड उघडेना. अम्मानं मात्र माझं चालणं बघून काय ते ओळखलं आणि निकाल देऊन टाकला, 'मूळव्याध. आपल्या घरात सगळ्यांना असते. बोलायचं नाही, सुरण खायचा.' मग काय विचारतेस! सुरणाची भाजी, सुरणाचे काप, ताकातला सुरण, पेजेबरोबर सुरण. भावजी म्हणाले, 'विलासिनी, उद्या माझ्या रिक्षात पण सुरण बसव.' आळीतल्या कमलाक्षीअम्मानं कसलं तरी चूर्ण दिलं, त्यानं असे जुलाब झाले की चिरेवर मीठ चोळल्यासारखं झालं. शेवटी स्टँडच्या मागचा तो बोर्ड असतो ना, 'ऑपरेशनशिवाय एका दिवसात मुळापासून', तिथं चोरासारखी जिना चढून गेले. आत कळकट पडदा, एका पातेल्यात सुया, आणि मिशीवाला माणूस म्हणतोय, 'एक इंजेक्शन की मोकळ्या. बसा त्या खुर्चीवर.' मी म्हटलं, बसता येत असतं तर मी तुझ्याकडे कशाला आले असते? आणि तशीच खाली उतरले. तेवढी अक्कल देवानं शिल्लक ठेवली होती.

आता गंमत बघ. गंमतच म्हणायची. ज्या बाईनं बसायच्या हक्कासाठी ताडपत्रीखाली दिवस काढले, तिला आता बसता येईना. स्टुलाचा कडक काठ टेकला की डोळ्यांपुढं काजवे. मी आपली पूर्वीसारखी उभी. पीतांबरनच्या ते ध्यानात यायला वेळ लागला नाही. आधी लाडीगोडीनं विचारलं, 'काय चेची, पुढारीणबाईंना बसायचा कंटाळा आला का?' मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे ना, उभी आहे. मग तो रोज बघायला लागला. माझं बघून दोघी-तिघी नव्या पोरीही बसेनाशा झाल्या, चेची उभी आहे तर आपण कसं बसायचं म्हणून. ओणमची गर्दी जवळ आली होती. मालकांना जागा हवी होती, आणि स्टुलं त्यांच्या डोळ्यांत पहिल्यापासून सलत होती.

त्याच दिवसांत भावजींनी मला पकडलं. सकाळी त्यांच्याच रिक्षातून जाते ना मी. तर आरशात त्यांना दिसलं, की खड्डा आला की बायको दोन्ही हातांनी दांडा धरून सीटवरून उठतेय. त्यांनी रिक्षा भर रस्त्यात कडेला घेतली आणि वळून म्हणाले, 'खरं सांग, नाहीतर पुढं जात नाही.' मागून बस भोंगा वाजवतेय आणि मी मान खाली घालून, वय वर्षं सत्तेचाळीस, शाळेतल्या पोरीसारखी सांगतेय. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, 'रिक्षाचं चाक पंक्चर झालं तर मी लाजून घरी बसतो का?' आणि दुकानाकडं न नेता सरळ सरकारी इस्पितळात. तिथं खिडकीवरच्या माणसानं विचारलं, काय होतंय? मी पुटपुटले, पोटाचं. भावजी मागून खणखणीत आवाजात, 'पोटाचं नाही, शौचाच्या जागेचं आहे. लेडी डॉक्टर द्या.' रांगेतली सगळी माणसं वळली. मला वाटलं, धरणी दुभंगावी. पण शीजा, त्या रांगेतल्या एका म्हातारीनं मला हळूच पुढं सरकवलं. 'जा गं, तू आधी जा,' म्हणाली. तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही.

डॉक्टर फौझिया म्हणून आहेत. तिशीच्या, डोक्यावर स्कार्फ, आवाज मऊ. त्यांनी कुशीवर निजवलं, नुसतं बघितलं. बोट घालून तपासायचं असतं, पण म्हणाल्या, 'आज नको, आज तुम्ही उडून छताला भिडाल.' मग हात धुऊन सांगितलं, ही मूळव्याध नाही, फिशर आहे. कातडीला गेलेली चीर, नखाएवढी. मी म्हटलं, नखाएवढी? मला तर वाटलं साडीचा आख्खा पदर फाटलाय. त्या हसल्या. म्हणाल्या, तिथं एक स्नायूचं कडं असतं. चीर दुखली की ते घाबरून आवळतं, आवळलं की तिथलं रक्त कमी होतं, आणि रक्त पोचलं नाही की चीर भरत नाही. 'चेची, भीतीनं मूठ वळून बसलंय ते. ती मूठ सोडवायची, एवढंच औषध.' आणि मग विचारलं, 'दिवसाला पाणी किती पिता?' मी जे हसले ते त्यांना कळेना.

उपाय लिहिते, नीट वाच. पहिलं पाणी, दिवसभर, आठवण ठेवून. ताटात भाज्या, शेंगा, फळं, पेजेत मूठभर मूग. मैद्याचे पोरोट्टे बंद. रात्री कोमट पाण्यातून इसबगोल, आणि एक गोड पातळ औषध, शौच मऊ व्हायला. शौच झाल्यावर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं कंबर बुडवून बसायचं. भावजींनी बाजारातून एवढा मोठा हिरवा टब आणला की अम्मानं विचारलं, घरात बाळ येणार आहे का! आग कमी व्हायला बधिर करणारं मलम, आणि ती मूठ सैल करायला दुसरं. ते दुसरं पहिल्यांदा दिलं त्यानं डोकं असं दुखायला लागलं की विचारू नकोस, मग डॉक्टरीणबाईंनी बदलून दिलं. सहा-आठ आठवडे नेमानं लावायचं, बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही. जोर करायचा नाही, मोबाइल घेऊन तासभर बसायचं नाही, आणि शौचाची कळ आली की जायचं, दाबून धरायचं नाही. एवढ्यानं बहुतेकांची चीर भरते. नाहीच भरली तर स्नायूत एक इंजेक्शन असतं, आणि त्यानंही नाही तर छोटं ऑपरेशन, त्या कड्याला जरासा छेद देतात. दुकानातली आपली जमीला त्यालाच गेली, सकाळी गेली आणि संध्याकाळी घरी. वारा धरून ठेवायला थोडं अवघड जाऊ शकतं, हे त्यांनी तिला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. जमीला म्हणाली, 'डॉक्टर, मी आजवर एवढं धरून ठेवलंय, की थोडं सुटलं तर चालेल.' आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. रक्त दिसलं की घरी बसून स्वतःच त्याला नाव द्यायचं नाही, मूळव्याधही नाही आणि फिशरही नाही. दाखवायचं. कधीकधी ते वेगळंच काही असतं.

मलम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, आग कमी होती, पण बसवत नव्हतं, तेव्हाच तो दिवस आला. दुकानातल्या लिस्सीनं तुला तिखटमीठ लावून कळवलं असणार, खरं ते आता मी सांगते. सकाळी दुकान उघडायच्या आधी समईपुढं सगळे जमतो ना, तिथं त्या दिवशी मालक स्वतः हजर, आणि त्यांच्या शेजारी कामगार खात्याचे एक साहेब. मालक मधात बोट बुडवल्यासारखे बोलले. आपण सगळे एक कुटुंब आहोत. मी कुणाला बसू नका म्हणालो का कधी? पण आमच्या बहिणींना बसायचंच नसतं, साहेब, त्यांना काम प्रिय आहे. मग पीतांबरननं टीव्हीवर कॅमेऱ्याचं चित्र लावलं. मी उभी. दुसरा दिवस, मी उभी. तिसरा, उभी. 'ही आमची पुढारी,' मालक म्हणाले. 'तीच बसत नाही. मग ही स्टुलं अडगळच ना? बायकांनी स्वतःहून लिहून दिलं की नकोत, तर साहेबांचीही हरकत नसावी.' कागद तयार होता. पेन माझ्यापुढं धरलं गेलं, कारण माझी सही झाली की बाकीच्या आपोआप झाल्या असत्या.

मी म्हटलं, मी सही करणार नाही. पीतांबरननं काय करावं? लाल स्टूल आणून माझ्यापुढं ठेवलं. 'मग बसा बघू चेची. सगळ्यांसमोर बसून दाखवा. बसा की!' दोघी पोरी खिदळल्या. मला बसता येत नव्हतं आणि नाही बसले तर स्टुलं जात होती. शीजा, त्या क्षणी मला तू हवी होतीस. मला तोंडात शब्दच सापडेना, कारण आपल्याला तो शब्द कुणी कधी बोलूच दिला नाही. मग मला संताप आला. या जागेचं नाव घ्यायची लाज मी बाळगू, आणि ज्यांनी किल्ली खिशात घालून मला तहानलेलं ठेवलं त्यांना कसलीच लाज नको? मी साहेबांकडं वळून म्हटलं, 'साहेब, मी बसत नाही कारण माझ्या शौचाच्या जागेला चीर पडलीय. फिशर म्हणतात. रक्त पडतं, बसलं की जीव जातो, डॉक्टरचा कागद पिशवीत आहे. आणि ही कशानं झाली ते लिहून घ्या. या दुकानात बाथरूमची किल्ली यांच्याकडं मागावी लागते, म्हणून आम्ही पाणी पीत नाही. पाणी पीत नाही म्हणून आतडी सुकतात. हे स्टूल माझ्या कामाचं आज नाही, पण ते इथून हललं तर मी बाहेर रस्त्यावर उभी राहून हेच माइकवर सांगेन. ओणमच्या गर्दीत.'

मालकांचे कान लाल झाले. साहेब वहीत बघत होते आणि काही लिहीत नव्हते. मग त्यांनी विचारलं, 'किल्ली कुणाकडं असते?' बस, एवढंच. पण ते विचारलं म्हटल्यावर पीतांबरनला ती खिशातून काढून दाखवावी लागली, साखळीसकट. स्टुलं राहिली. किल्ली आता दाराशेजारी खिळ्याला टांगलेली असते, आणि दर मजल्यावर पाण्याचा कॅन आलाय. मालक माझ्याशी बोलत नाहीत. मला ब्लाउजपीसच्या काउंटरला टाकलंय, जिथं कमिशन नाही. टाकू देत.

मला वाटलं होतं, बायका माझ्यापाठोपाठ बोलतील. तुझ्या वेळच्यासारखं. एकही बोलली नाही. सगळ्या माना खाली घालून आपापल्या काउंटरला गेल्या, आणि मला फार एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दुपारी लिस्सी आली, निळा पीस उलगडत म्हणाली, 'चेची, थेंब थेंब पडतं की रेघ असते?' मग जमीला, हिरवा पीस हातात. मग तिसऱ्या मजल्यावरची ती गप्प गप्प पोरगी. आठवड्याभरात माझ्या काउंटरवर ब्लाउजपीस कमी आणि पेशंट जास्त. फौझिया डॉक्टरांचा पत्ता मला आता पाठ आहे. आणि एक दिवस, विश्वास ठेव, पीतांबरन आला. अस्तराचं कापड चाचपत उभा. 'माझ्या मेहुण्याला जरा... म्हणजे त्याला विचारायचं होतं.' मी म्हटलं, मेहुण्याला सांगा, पाणी प्या, मैदा सोडा, आणि सवड असेल तेव्हा टबात बसा. त्यानं सगळं लिहून घेतलं. हल्ली मेहुणा बरा आहे, असं ऐकते.

अम्मा मात्र फार चिडली. आळीत बातमी पोचली होती. 'घराची अब्रू चारचौघांत धुतलीस,' म्हणाली. 'तुझ्या आजीला होतं, मला होतं, आम्ही कधी हूं की चूं केलं?' मी म्हटलं, अम्मा, तुला होतं? तिनं तोंड फिरवलं. मग म्हणाली, 'बाळंतपणापासून.' अगं, आपण लहान होतो तेव्हा अम्मा सगळ्यांची जेवणं होईपर्यंत बसायची नाही, नंतरही चुलीपाशी उभ्यानंच दोन घास खायची. आपण सगळ्यांना सांगत फिरलो, आमची अम्मा किती त्यागी. तिच्या त्यागाचं कौतुक करत आपण मोठ्या झालो आणि तिला बसता येत नव्हतं! मी तिला आता डॉक्टरकडं नेलंय. हिरवा टब आम्ही दोघी पाळीपाळीनं वापरतो. ती अजून मला निर्लज्ज म्हणते, पण टबात बसूनच म्हणते.

गेल्या आठवड्यात मी स्टुलावर बसले. आधी जरा भीत, मग पूर्ण. काही झालं नाही. नवी पोरगी बघत होती, तीही बसली. मी तुझी आठवण काढली, आणि संध्याकाळी घरी येऊन तुझा तो ओणमचा फोटो पुन्हा उघडला.

शीजा, तू लहानपणापासून पहिल्या पंगतीसाठी भांडणारी पोरगी. लग्नघरात वधूच्या आधी पानावर जाऊन बसायचीस, आणि अम्मा कान धरून उठवायची. ती तू बादली घेऊन वाढतेयस? व्हिडिओ कॉलवर तू ओट्याला टेकून उभी असतेस, जेवताना उभी, बोलताना उभी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा उभी. पलंगावर पडतेस तर कुशीवर. सहाजणींत एक बाथरूम आणि सकाळची रांग, हे तूच सांगितलंस. दुकानात तिथंही दिवसभर उभं राहायचं, आणि सकाळचं खाणं सोडलंयस. अम्माला तो त्याग दिसला. मला ती उभं राहण्याची तऱ्हा माहीत आहे, एक पाय जरा पुढं आणि सगळा भार दुसऱ्यावर. मी तशीच महिनोन् महिने उभी होते. म्हणून हे पत्र. माझी हकिगत मी तुला फोनवरही सांगितली असती, पण हे तुझ्याबद्दल आहे आणि ते ऐकायला तू फोनवर थांबली नसतीस. तुझ्या पाकिटात कंपनीचं विम्याचं कार्ड आहे, मला दाखवलं होतंस. शुक्रवारी सुट्टी असते. जा. खिडकीवर कुणी विचारलं तर पुटपुटू नकोस, ज्या आवाजात तू त्या छत्रीवाल्या काकाला उत्तर दिलंस त्याच आवाजात सांग. आपल्या घरातल्या तीन बायका उभ्यानं जेवल्या, आता बस्स झालं. विशूला फोटो पाठव. त्यात पायसम दुसरं कुणीतरी वाढत असलं पाहिजे, आणि पहिल्या पंगतीत, पहिल्या पानावर, मांडी घालून तू बसलेली असली पाहिजेस.

तुझीच, आता बसती झालेली,
विलासिनीचेची